शितावरून भाताची परीक्षा

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. पातेल्यातला सगळा भात कोणी चाचपून पाहत नसते. पळीवर चार शिते घ्यावीत, बोटांनी दाबावीत. भात झाला की नाही ते कळते. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘नमुना-पाहणी’ या नावाखाली जे प्रकरण येते, त्याचे सार या म्हणीत आहे. मात्र म्हणीत न आलेली एक गोष्ट स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते. शीत कुठले घेतले आणि ते दाबून काय पाहिले, यावर परीक्षेचा निकाल ठरतो. वरचे शीत फुललेले असते आणि मधला भात कच्चा राहिलेला असतो.

आपल्या देशातल्या घराघरांत इंटरनेट किती पोचले, हे अशाच शितांवरून ठरवले जाते. ते कसे ठरवतात, त्यात कच्चेपणा कोठे राहतो आणि तो कसा घालवता येईल, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करते. विषय रूक्ष वाटेल. पण परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डाची पडताळणी ही कामे आता ऑनलाइन होतात, आणि ‘आता सगळ्यांकडे इंटरनेट आहेच की’ असे म्हणताना ज्या आकड्यांचा आधार घेतला जातो, ते हेच आकडे आहेत. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

दोन आकडे

राष्ट्रीय नमुना पाहणीची पंचाहत्तरावी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. शिक्षण हा तिचा एक मुख्य विषय होता. पाहणीत १ लाख १३ हजार ७५७ घरांना भेटी दिल्या गेल्या. त्या वेळी देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे २४ घरांत (नेमके सांगायचे तर २३.८) इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण ४२ होते, खेड्यांत जेमतेम १५. पुढे जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत दूरसंचार या विषयावर खास पाहणी झाली. तिच्यासाठी ३४ हजार ९५० घरे निवडली होती. या वेळी शंभरातला आकडा निघाला ८६.३.

सात वर्षांत चोविसावरून शहाऐंशीवर! ही वाढ खोटी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर पाहता पाहता खाली आले. २०२० साली टाळेबंदीत शाळा-कॉलेजे घरात आली. ज्यांनी कधी घेतला नसता त्यांनीही पोटाला चिमटा घेऊन एक फोन घेतला. आपण सर्वांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

पण २०२५ च्या त्याच पाहणीतला दुसरा आकडा शेजारी ठेवून पाहा. किमान एक स्मार्टफोन असलेली घरे ८५.५ टक्के, आणि इंटरनेट असलेली घरे ८६.३ टक्के. म्हणजे घरातले इंटरनेट हे बहुतांशी घरातल्या स्मार्टफोनचेच दुसरे नाव आहे. येथेच खरी अडचण सुरू होते. घराला नळ असतो, विजेचे मीटर असते. ते घराचे असतात. कामावर जाताना नळ कोणी खिशात घालून नेत नाही. फोन मात्र घराचा नसतो, माणसाचा असतो, आणि तो माणूस घराबाहेर पडला की त्याच्याबरोबर जातो. नळ मोजावे तसे इंटरनेट मोजले, तर हिशेब कागदावर जुळतो आणि घरात जुळत नाही.

शेताच्या बांधावरची गोष्ट

मोजणीत चूक कशी शिरते, याचे एक फार चांगले उदाहरण आपल्याच एका माणसाने घालून दिले आहे. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचे. जन्म १९११. पुढे रोम येथील अन्न व शेती संघटनेत त्यांनी मोठे काम केले आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्याआधी, १९४० नंतरच्या दशकात, ते कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्याचे शास्त्र बसवीत होते.

शेतातला एक लहानसा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या शेताचा अंदाज बांधायचा, याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. तुकडा किती मोठा असावा, यावर प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस आणि सुखात्मे यांच्यात मतभेद होता. महालनोबीसांचा कल लहान तुकड्यांकडे होता. त्यांचे काम लवकर उरकते आणि संख्येने जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की, फार लहान तुकडा घेतला तर उत्पादनाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपे असतात ती आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडतो तेव्हा कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, आणि म्हणून चूकही जास्त.

या गोष्टीतले मर्म असे. नमुना-पाहणीत चुका दोन जातींच्या असतात. नमुना लहान असल्यामुळे होणारी चूक ही पहिली. ती कधी या बाजूला जाते, कधी त्या बाजूला. नमुना वाढवला की ती कमी होते आणि तिचा अंदाज सूत्राने बांधता येतो. दुसरी चूक मोजण्याच्या रीतीतून येते. ती दर वेळी एकाच बाजूला झुकते. तराजूचे एक पारडेच जड असेल तर शंभर वेळा तोलूनही वजन बरोबर येणार नाही. इंटरनेटच्या मोजणीत मला या दुसऱ्या जातीच्या चुकीची जास्त काळजी वाटते.

महालनोबीसांचे ऋण मात्र येथे नोंदवलेच पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणी ही त्यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिली. तिची पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात झाली. पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा मुख्य आधार याच पाहणीतील खर्चाची आकडेवारी हा होता. देशातले गरीब किती, हा वाद घालायलासुद्धा मोजणी लागते. ती नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे.

कोण काय मोजते?

इंटरनेटविषयी आपल्याकडे निदान चार ठिकाणांहून आकडे येतात, आणि चारही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

पहिले ठिकाण दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय. ते कंपन्यांकडून आलेली जोडण्यांची संख्या जाहीर करते. मार्च २०२५ अखेर देशात इंटरनेटच्या सुमारे ९७ कोटी जोडण्या होत्या. पण जोडणी म्हणजे माणूस नव्हे. दोन सिमकार्डे बाळगणारा एकच माणूस येथे दोनदा मोजला जाऊ शकतो आणि एका फोनवर चौघे बघत असतील तर ते मिळून एकच होतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे लगेच समजेल. बँकेतल्या खात्यांची संख्या म्हणजे खातेदारांची संख्या नव्हे.

दुसरे ठिकाण जनगणना. २०११ च्या जनगणनेत इंटरनेटचा प्रश्न कॉम्प्युटरला जोडलेला होता. घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे का, असल्यास इंटरनेटसह की इंटरनेटविना, असे विचारले होते. इंटरनेटसह कॉम्प्युटर असलेली घरे तेव्हा ३.१ टक्के निघाली. फोनवरच्या इंटरनेटला त्या रकान्यात जागाच नव्हती. २०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीच्या प्रश्नांत इंटरनेटच्या उपलब्धतेचा प्रश्न स्वतंत्र ठेवला आहे, हे चांगले झाले. मात्र उद्या कोणी ३.१ हा आकडा आणि नवा आकडा शेजारी मांडून ‘इतके पट वाढ’ असे सांगू लागला, तर त्याला थांबवले पाहिजे. दोन्ही वेळचे मापच निराळे आहे.

तिसरे ठिकाण वर सांगितलेली राष्ट्रीय नमुना पाहणी. हिच्यात सर्वसाधारणपणे घरातला एक जाणता माणूस बसतो आणि घरातल्या सर्वांची माहिती सांगतो.

चौथे ठिकाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली ती होते. तिची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत प्रथमच स्त्रियांना आणि पुरुषांना वेगवेगळे गाठून, ‘तुम्ही कधी इंटरनेट वापरले आहे का?’ असे विचारले गेले. ‘हो’ म्हणणारे पुरुष ५७.१ टक्के निघाले, स्त्रिया ३३.३ टक्के. खेड्यांतल्या स्त्रियांत तर हे प्रमाण २४.६ होते, म्हणजे चौघींत एक. घर हे एकक धरले असते तर हा फरक दिसलाच नसता. नवऱ्याच्या खिशातल्या फोनमुळे दोघांचेही घर ‘इंटरनेट असलेले’ ठरले असते. मात्र या पाहणीतल्या स्त्रिया १५ ते ४९ वयाच्या आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला त्या रकान्यातही जागा नाही.

काळाचेही असेच आहे. पंचाहत्तराव्या फेरीत गेल्या ३० दिवसांत वापर केला का, असे विचारले होते. २०२५ च्या पाहणीत गेले तीन महिने धरले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मापही तेच आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत ‘कधी तरी’ एवढेच पुरे. एकाच माणसाचे उत्तर तीन ठिकाणी तीन प्रकारचे येऊ शकते आणि तिन्ही वेळा तो खरेच बोललेला असतो.

स्नेहलतागंजातली पाच घरे

माझे आजोळ इंदूरचे, स्नेहलतागंजातले. होळकरांच्या काळापासून मराठी माणसे इंदुरात स्थिरावली आहेत. तेथल्या जुन्या वस्त्यांत मराठी, हिंदी आणि माळवी या तिन्ही भाषा एकाच जिन्यावर ऐकू येतात. सर्वेक्षण हा शब्दही इंदूरकरांना घरचा आहे. स्वच्छ सर्वेक्षणात शहराने २०१७ पासून ओळीने पहिला क्रमांक मिळवला, तेव्हापासून दारात कोणी कागद घेऊन आला तर लोक सहसा हाकलून देत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे होते. संख्याशास्त्राच्या वहीत उतरवून घेतलेले दोन-तीन पाहण्यांतले प्रश्न मी आसपासच्या पाच घरांत विचारून पाहिले. पाच घरांवरून देशाविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळते. मला उत्तरे मोजायची नव्हती. प्रश्न कोठे अडतो, तेवढेच पाहायचे होते.

पहिले घर आमचेच. आजीला विचारले, ‘आजी, तू इंटरनेट वापरतेस का?’ ती म्हणाली, ‘नाही गं बाई, मला कुठलं येतंय ते!’ आजी रोज संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन ऐकते आणि दर रविवारी माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलते. तिच्या लेखी ते कीर्तन आणि तो फोन. इंटरनेट हे शिकलेल्या लोकांचे काही तरी वेगळेच प्रकरण.

दुसऱ्या घरी काकांनी दार उघडले आणि सगळी उत्तरे स्वतःच दिली. ‘आमच्याकडे सगळे वापरतात. लिहून घे.’ काकू आतून चहा घेऊन आल्या. काका कपडे बदलायला गेल्यावर मी त्यांना हळूच विचारले, तेव्हा कळले की फोनचे कुलूप उघडायचा आकडा त्यांना माहीत नाही. आलेला फोन त्या उचलतात, तेवढेच.

तिसऱ्या घरात एक बाई आणि त्यांचा मुलगा असे दोघेच. बाई चार घरी पोळ्या करतात. मुलगा सामान पोचवायचे काम करतो. घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलाच्या धंद्याचे हत्यार आहे. सकाळी आठला तो घराबाहेर जातो, रात्री नऊनंतर परत येतो. बाईंना एका सरकारी योजनेची पडताळणी फोनवर करायची होती. त्यासाठी येणारा सहा आकड्यांचा संकेत मुलाच्या फोनवर यायचा, आणि तो विचारणारी खिडकी दिवसाच उघडी. एका दिवसाची मजुरी बुडवून मुलगा घरी थांबला तेव्हा काम झाले. पाहणीच्या कागदावर हे घर ‘इंटरनेट असलेले’ आहे.

चौथ्या घरात शिकायला आलेली तीन मुले भाड्याने राहतात. त्यांच्याइतके इंटरनेट त्या आळीत कोणी वापरत नसेल. पण दिवसभर दाराला कुलूप. मी तीनदा गेले तेव्हा एकदा भेटले. शिवाय पाहणीच्या भाषेत घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. डबा लावून जेवणाऱ्या या तिघांना एक घर धरायचे की तीन, हाही प्रश्नच.

पाचव्या घरी निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे तारेचे कनेक्शन आहे, कॉम्प्युटर आहे आणि ते सर्व प्रश्नांची उत्तरे नेमकी देतात. तुमचा प्रश्न असल्या घरासाठीच तयार केलेला आहे, असे त्यांच्याकडे बसल्यावर वाटते. पण त्यांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या फोनवर अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज असते. हातात पैसे असले तर लगेच टाकतात, नसले तर पंधरा दिवस, महिना तसाच जातो. ‘गेल्या तीन महिन्यांत वापरले का?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘हो’ असेच येईल, आणि ते खरेही आहे. मधल्या रिकाम्या दिवसांची नोंद मात्र कोठेच होणार नाही.

आता थोडे गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २४.६७ कोटी घरे होती. ३४ हजार ९५० घरांच्या नमुन्यात प्रत्येक घर सात हजारांहून अधिक घरांच्या वतीने बोलते. म्हणजे एका काकांनी काकूंच्या वतीने दिलेला एक ‘हो’ सात हजार घरांचा ‘हो’ होतो. म्हणून प्रश्न नीट विचारणे महत्त्वाचे.

शब्दाची अडचण

आजीसारखी माणसे जगभर आहेत. श्रीलंकेतील लिर्नेशिया या संशोधन संस्थेच्या लोकांना इंडोनेशियात असाच अनुभव आला. इंटरनेट वापरत नाही असे सांगणारी माणसे फेसबुकवर काय करतो ते मात्र उत्साहाने सांगत होती. शब्द न ओळखल्यामुळे आकडा खाली येतो. एकाने सर्वांच्या वतीने उत्तर दिल्यामुळे तो वर जातो. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील अशा भरवशावर राहता येत नाही, कारण पहिली म्हाताऱ्या आणि कमी शिकलेल्या माणसांच्या बाबतीत होते आणि दुसरी बायकांच्या बाबतीत.

आपल्या कॉलेजातल्या वाचकांना शब्दाची ही अडचण विशेष कळेल. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पण बाजारात आणि बसमध्ये मी कन्नड बोलते. मराठीत ‘आंतरजाल’ किंवा ‘महाजाल’ असे शब्द छापलेले दिसतात, कन्नडात ‘अंतर्जाल’. हे शब्द परीक्षेत लिहायला चांगले आहेत. पण रिचार्जच्या दुकानात मराठी माणूस ‘नेट संपलंय’ म्हणतो, कन्नड माणूस ‘नेट ऐतेन्री?’ असे विचारतो आणि इंदुरात ‘नेट डलवा दो’ म्हणतात. तिन्ही भाषांत ‘नेट’ हा शब्द एकच आहे, आणि प्रश्नपत्रिकेत तोच नसतो. इंग्रजी प्रश्नाचे भाषांतर कार्यालयात बसून केले की ‘इंटरनेट सुविधेची उपलब्धता’ असे काही तरी तयार होते. प्रगणक दारात उभा राहून ते आपल्या मनाने सोपे करतो. एक प्रगणक ‘घरी वायफाय आहे का?’ असे विचारतो, दुसरा ‘व्हॉट्सॲप चालतं का?’ असे विचारतो. प्रश्न एक, विचारले गेले दोन, आणि उत्तरे एकाच रकान्यात पडली.

काय करता येईल?

दोष दाखवणे सोपे असते, म्हणून उपायही मांडते. यातले बरेचसे जगात कोठे ना कोठे रूढ आहेत.

एक : ‘इंटरनेट’ हा शब्द आधी विचारू नये. आधी कामे विचारावीत. फोनवर व्हिडिओ पाहता का? व्हॉट्सॲपवर निरोप पाठवता का? फोनवरून पैसे देता का? एखादा फॉर्म स्वतः भरला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले की वापर आहेच. शिवाय वापराची पायरीही कळते. कीर्तन ऐकणे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे या दोन गोष्टी एकाच ‘हो’मध्ये कोंबता येत नाहीत.

दोन : एकाने सर्वांचे सांगू नये. घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकाची चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करावी आणि वापराचे प्रश्न त्यालाच विचारावेत. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली यासाठी एक सोपा तक्ता तयार करून दिला होता. दार उघडणाऱ्या माणसाच्या मर्जीवर निवड राहत नाही, हा त्याचा फायदा. आता तर प्रगणकाच्या हातात टॅब असतो. ही निवड टॅबच करू शकतो. स्त्रीशी बोलायला स्त्री पाठवावी. कुटुंब आरोग्य पाहणीत हे केले जाते आणि ते जमते.

तीन : फोन कोणाचा, हे विचारावे. स्वतःचा, घरात मिळून एक, की मागून घेतलेला? दिवसा तो घरात असतो का? त्याचे कुलूप तुम्हाला उघडता येते का? हे तीन लहान प्रश्न घातले तर वरच्या पाच घरांपैकी दोन घरांची खरी स्थिती कागदावर येईल.

चार : खंड मोजावा. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस नेट बंद होते, आणि ते कशामुळे : पैसे नव्हते, रेंज नव्हती, की फोन बिघडला होता? विजेचे कनेक्शन आहे एवढ्यावर आपण थांबत नाही, भारनियमन किती तास असते तेही विचारतो. तसेच हे.

पाच : माप वारंवार बदलू नये. बदलायचेच असेल तर एका फेरीत जुना आणि नवा असे दोन्ही प्रश्न अर्ध्या-अर्ध्या नमुन्याला विचारावेत, म्हणजे दोन्हींमधला फरक कळतो. घरखर्चाच्या पाहणीत हा धडा आपण एकदा घेतला आहे. १९९९-२००० च्या पंचावन्नाव्या फेरीत अन्नावरचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही प्रकारे त्याच माणसाला विचारला गेला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि दारिद्र्य किती घटले, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे वाद घालत राहिले.

सहा : प्रश्नांचा मसुदा आधी लोकांपुढे ठेवावा, आणि तो प्रत्येक भाषेत ठेवावा. अमेरिकेत १९९४ पासून अशी पाहणी तेथल्या जनगणना कार्यालयामार्फत, सुमारे ५० हजार घरांत होते. नव्या फेरीआधी प्रश्न जाहीर करून सूचना मागवल्या जातात. आपल्याकडे भाषा पुष्कळ असल्यामुळे याची गरज अधिक आहे. मराठीतला प्रश्न परत इंग्रजीत उलटवून पाहावा; मूळ प्रश्नच परत आला तर भाषांतर बरोबर.

यांतल्या प्रत्येक उपायाला वेळ आणि पैसा लागतो, हे मान्य करायला हवे. प्रश्न वाढले की माणूस कंटाळतो आणि कंटाळलेला माणूस ‘हो हो’ म्हणत सुटतो. म्हणून मी घरे वाढवा असे म्हणत नाही. हवी तर थोडी घरे कमी करावीत, पण प्रत्येक घरात अर्धा तास जास्त बसावे. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीची आखणी जिल्हा हे मूळ एकक धरून होऊ लागली आहे. जिल्ह्याजिल्ह्याचा आकडा हाती येण्याच्या दिशेने हे चांगले पाऊल आहे. पण जिल्ह्याचा आकडा जितका बारीक, तितकी प्रश्नातली चूकही स्पष्ट उमटणार. सुखात्म्यांचा लहान तुकडा आणि त्याची कड येथे आठवावी.

हे कशासाठी?

२०१७ साली सरकारने ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरतेचे एक मोठे अभियान सुरू केले. सहा कोटी ग्रामीण घरांत प्रत्येकी एक माणूस साक्षर करायचा, असा त्याचा संकल्प होता. वय १४ ते ६०. मार्च २०२४ अखेर ते संपले तोवर ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षण मिळाले होते. काम मोठे झाले यात शंका नाही. पण ‘घरटी एक’ हा हिशेब कोठून आला, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. मोजणी घराची होत असेल, तर योजनाही घराची होते, आणि घरातला तो ‘एक’ कोण असणार हे घरातच ठरते.  साठीच्या पुढची आजी तर वयाच्या अटीतच बाहेर.

उद्या एखादे कार्यालय आपली खिडकी बंद करून ‘सर्व अर्ज ऑनलाइन’ अशी पाटी लावते, तेव्हा त्यामागे शंभरातल्या ८६ घरांचा विचार असतो. उरलेल्या १४ घरांचा प्रश्न निदान कागदावर दिसतो तरी. त्या ८६ घरांच्या आत जी माणसे इंटरनेटविना आहेत, त्यांचा रकानाच नाही. पोळ्या करणाऱ्या त्या बाई अशा घरात राहतात.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात यापुढे कोणी ना कोणी प्रगणक येईल, आणि घरात शिकलेले आपण असल्यामुळे उत्तरे द्यायला आपल्यालाच पुढे केले जाईल. त्या वेळी एक करता येईल. आईच्या, आजीच्या, वहिनीच्या वतीने ‘हो’ म्हणण्याआधी त्यांना बाहेर बोलवावे आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. दोन मिनिटे जास्त लागतील. बारावीनंतर कॉलेज सुटलेल्या आपल्या वर्गमैत्रिणी आज कोणाच्या फोनवर अवलंबून आहेत, याची चौकशी करायलाही फार वेळ लागत नाही.